पोळ्याचे तीन गडवे

गूळ करपावा तसा एक गोडसर, उष्ण, किंचित मळमळवणारा वास आधी आला. मग बॉनेटच्या फटीतून वाफेची पांढुरकी रेघ निघाली, आणि आश्विनातल्या त्या निरभ्र, निष्ठुर दुपारी रेल्वेच्या फाटकापाशी उभ्या असलेल्या माझ्या गाडीचं इंजिन धापा टाकू लागलं. उष्णतेचा काटा तांबड्या रेघेला केव्हाच भिडला होता. इंजिनाचा सूर एकदा असा चढे की मागच्या मोटारसायकलवाल्याला मी मुद्दामच ॲक्सिलरेटर दाबते आहे असं वाटावं, आणि पुढच्याच क्षणी असा खाली येई की आता विझलं, आता विझलं म्हणत माझाच जीव टांगणीला लागे. मालगाडी संपता संपत नव्हती. कोळशाचे डबे एकामागून एक तिरोड्याकडे सरकत होते, आणि मी मात्र त्या काट्यावरून नजर हलवत नव्हते.

तुम्ही कधी अशा गाडीत बसला आहात का, जी धावत असते तोवर शहाणी असते आणि थांबली की बिघडते? मी बसले आहे. खरं सांगायचं तर तशाच स्वभावात मी उभा जन्म काढला आहे. कॉलेजात तास घेताना, उत्तरपत्रिका तपासताना, घरातली दहा कामं एकदम उरकताना माझं सगळं यथास्थित चालतं. पण कुठे थांबायची वेळ आली, कुणाची वाट पाहायची वेळ आली, की मनाचा सूर कारणाविना चढतो आणि कारणाविना ढासळतो. उभ्या गाडीच्या इंजिनाने एका लयीत चालत राहावं, याला आमच्याकडचे मिस्त्री ‘स्लो’ म्हणतात. स्लो धरलं तर गाडी निरोगी; स्लो धरत नसेल तर आत कुठेतरी काहीतरी चुकलेलं आहे. किती साधी, किती निर्दय कसोटी! माणसाला ती लावली तर आपल्यातले किती जण उतरतील?

मी उतरले नाही, हे आधीच कबूल करते. गाडीचा आजार सापडेपर्यंत मला धीर धरवला नाही, आणि त्या अधीर दिवसांत एका माणसाविषयी मी एक वाक्य बोलले. त्या एका वाक्याने त्याचं मिळत आलेलं काम गेलं. गाडी आज उत्तम चालते. वाक्य मात्र परत घेता आलेलं नाही, आणि म्हणूनच हे लिहायला बसले आहे.

तो माणूस म्हणजे नामदेवभाऊ. फुलचूरहून गोंदिया शहराकडे येताना डाव्या हाताला त्यांचं गॅरेज होतं. गॅरेज हा शब्दही जरा भारदस्तच झाला. चार खांब, वर पत्रा, मागच्या भिंतीवर बुद्धाची एक तसबीर आणि तिच्याखाली खिळ्यांना ओळीने लटकवलेले पाने, एवढाच सगळा संसार. गाडी आली की ते बॉनेटला हात लावत नसत. आधी ती उभ्या उभ्या चालू ठेवायला सांगत, लांब पेचकसाचं, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हरचं, टोक इंजिनावर टेकवत, मूठ कानाशी नेत आणि डोळे मिटून ऐकत राहत. ते ऐकणं कधी इतकं लांबे की मालकाला वाटे, यांना झोप तर लागली नाही ना! मग प्रश्न सुरू होत. त्रास कधीपासून, सकाळी की दुपारी, चढावर की सपाटीवर, कुणी हात लावला, काय टाकलं. यंत्र खोटं बोलत नाही, पण पुरतं सांगतही नाही. राहिलेलं मालकाने सांगायचं असतं, असं त्यांचं म्हणणं.

साठीला टेकलेला हा माणूस शब्दांच्या बाबतीत फार काटकसरी होता, आणि मी शब्दांवर पोट भरणारी मराठीची मास्तरीण! तरी आमचं छान जमत असे. गाडी आमच्याकडे वडिलांपासूनची. त्यांच्या हयातीतही ती नामदेवभाऊंशिवाय दुसऱ्या कुणाच्या हाती गेली नव्हती. वडील गेले, गाडी माझ्याकडे आली, आणि तिच्याबरोबर नामदेवभाऊही वारशात आले असं मी गमतीने म्हणायची. वारशात आलेल्या माणसाला आपण किती गृहीत धरतो, हे तेव्हा लक्षात आलं नव्हतं.

आता थोडं वडिलांविषयी आणि तलावाविषयी सांगायला हवं, कारण सगळ्या दुखण्याचं मूळ तिथे आहे. माझं माहेर अर्जुनीकडचं, तलावांच्या मुलखातलं. आमच्या पूर्वजांनी तिथे पाळ बांधली, पाणी अडवलं, आणि त्या पाण्यावर पिढ्यान्‌पिढ्या धानाची बांधी, म्हणजे भातखाचरं, हिरवी झाली. घरात देवाइतकाच तलाव बोलण्यात असे. कुणी आजारी पडलं की तलावाचं पाणी, नवी सून आली की तलावाचं पाणी, नांगर बाहेर काढला की त्याच्या फाळावर तलावाचं पाणी. त्या पाळीचा कोणता घाट कुणी वापरायचा आणि कुणी नाही, हेही एके काळी आमच्याच घराण्यातल्या माणसांनी ठरवलेलं होतं; त्याविषयी मात्र घरात कुणी बोलत नसे, आणि मीही कधी विचारलं नाही.

पोळ्याच्या दिवशी वडील बैलांना तलावात न्यायचे, अंग चोळून धुवायचे आणि पितळी गडव्याने, म्हणजे तांब्याने, आपल्या हाताने पाणी पाजायचे. पुढे शेतात ट्रॅक्टर आला आणि बैल गेले. गोठा रिकामा झाला त्या वर्षीच्या पोळ्याला वडील सकाळपासून कावरेबावरे होऊन घरात येरझारा घालत होते. दुपारी त्यांनी काय करावं? नवी कोरी पांढरी गाडी पाळीवर नेली, पोटऱ्या बुडेस्तोवर पाण्यात उभं राहून धुतली, तिच्या आरशाला झेंडूची माळ घातली आणि रेडिएटरचं झाकण उघडून एक गडवा तलावाचं पाणी तिच्या मुखात ओतलं! अख्खं गाव हसलं. आई तर पदर तोंडाशी धरून घरात पळाली. वडील गंभीरपणे म्हणाले, घरात आता खपणारं जनावर हेच आहे, तर मान हिचाच. तेव्हापासून दर पोळ्याला गाडी तलावाचं पाणी प्यायली. वडील गेल्यावर मी तो नेम मोडला नाही. मला वाटे, त्या एका गडव्यापुरते ते अजून पाळीवर उभे असतात.

चार वर्षांपूर्वी नामदेवभाऊंनी गाडीचं पोट सगळं धुऊन काढलं होतं. आतला जुना गंज, खरवड, जे काय साठलं होतं ते निपटून, इंजिन थंड ठेवणारं हिरवं कूलंट भरून त्यांनी मला बजावलं होतं की इथून पुढे यात साध्या पाण्याचा थेंब जायला नको. मी मान डोलावली होती. आणि त्यानंतरच्या प्रत्येक पोळ्याला निष्ठेने एकेक गडवा ओतला होता. यात मला विसंगती दिसली नाही का, असं तुम्ही विचाराल. नाही दिसली. नळाचं, बोअरचं, बाटलीतलं ते पाणी. तलावाचं पाणी माझ्या हिशेबी पाणीच नव्हतं! अंगाऱ्याला कुणी राख म्हणतं का?

यंदाच्या पोळ्याला तलाव निम्माच भरला होता. पाऊस उशिरा आला, काठाचा चिखल उघडा पडला होता, आणि पाणी चहासारखं गढूळ होतं. वडिलांच्या आठवणीने त्या दिवशी मन फार भरून आलं होतं. एका गडव्याने भागेना म्हणून मी तीन गडवे ओतले. वरून हिरवं कूलंट सांडलं, चाकाशी ओघळलं; त्याकडे मी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

भाद्रपद सरता सरता गाडी तापू लागली. धावताना ठीक, पण बाजारात, फाटकापाशी, शाळा सुटायच्या वेळच्या गर्दीत थांबली की काटा वर आणि स्लो वेडंवाकडं. मी नामदेवभाऊंकडे गेले. त्यांनी नेहमीप्रमाणे ऐकलं, डोळे उघडले आणि पहिलाच प्रश्न नेमका केला.

“पानी तं नाही टाकलं ना जी साधं?”

“नाही हो, एक थेंबही नाही,” मी म्हटलं. खोटं बोलते आहे असं मला पुसटसंही वाटलं नव्हतं, हीच त्यातली सगळ्यात भयंकर गोष्ट आहे.

माझं उत्तर त्यांनी प्रमाण मानलं. मग आजार बाकी सगळीकडे शोधणं भाग होतं. पहिल्या खेपेला त्यांनी रेडिएटरचं झाकण बदललं, नळ्या तपासल्या, पंखा थेट बॅटरीला जोडून फिरवून पाहिला; पंखा धडधाकट होता. दोन दिवस बरे गेले आणि पुन्हा तेच. दुसऱ्या खेपेला त्यांनी थर्मोस्टॅट काढून गरम पाण्याच्या भांड्यात सोडला आणि तो उघडतो कसा ते पाहिलं. जरा आळशी वाटला म्हणून नवा बसवला. पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला इंजिनात हवा जाते तो मार्ग साफ केला, कुठून चोरटी हवा आत शिरते का म्हणून प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी सोडून पाहिलं. अख्खी सकाळ गेली. निघताना ते एवढंच म्हणाले की दोन दुखणी वेगळी वाटतात, पण मूळ एकच असावं, आणि ते अजून दिसत नाही.

ही त्यांची सचोटी होती. मला मात्र तो कबुलीजबाब वाटला. तीनदा प्रश्न विचारला, तीनदा उत्तर चुकलं, म्हणजे विद्यार्थी कच्चा. तीस वर्षं उत्तरपत्रिका तपासून तपासून माझी बुद्धी अशी लाल शाईची झाली आहे. प्रश्नपत्रिकाच चुकीची छापली गेली असेल, हा विचार परीक्षकाला कधी शिवतो का?

आणि नेमक्या त्याच आठवड्यात माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. तो तिरोड्याला राहतो, कामगारांच्या ने-आणीसाठी गाड्या पुरवतो. दहाबारा जीपांची देखभाल करायला त्याला कायमचा मिस्त्री हवा होता आणि त्याने नामदेवभाऊंचं नाव जवळपास पक्कं केलं होतं. मला ही बातमी आधीच ठाऊक होती. रस्ता रुंद होणार, त्यात शेड जाणार, खांबांवर लाल खुणाही झाल्या होत्या. या वयात पुन्हा नव्या जागी पत्रा उभारण्यापेक्षा तिरोड्याचं काम मिळालं तर म्हातारपण सुखाचं जाईल, असं नामदेवभाऊंनी स्वतः मला सांगितलं होतं. इतकं ते एरवी कधी बोलत नसत. विद्यार्थ्याने सहज विचारलं, मॅडम, तुमची गाडी त्यांच्याकडेच असते ना, कसे आहेत कामाला?

मी म्हटलं, “माणूस प्रामाणिक आहे रे. पण आता त्यांच्या हाताला रोग सापडत नाही.”

वाक्य छान जमलं होतं. जमलं म्हणून क्षणभर मी स्वतःवर खूशही झाले! काय हा शब्दांचा मोह असतो माणसाला! मी नुसतं “बरे आहेत” म्हटलं असतं तरी पुरलं असतं. मी काहीच म्हटलं नसतं तरी चाललं असतं. पण शिक्षिकेचं मत मागितलं गेलं होतं आणि वर्गातल्या त्या जुन्या पोराने वही उघडून ते लिहूनच घेतलं. फोन ठेवून मी भाजी निवडायला बसले. त्या वाक्याचा मला आठवही राहिला नाही.

त्यानंतर चारपाच दिवसांनी ते फाटक आलं आणि ती वाफ. खरं तर मी त्या दिवशी शहरातल्या एका मोठ्या, काचेच्या दारांच्या गॅरेजला निघाले होते. नामदेवभाऊंकडे पुन्हा जायचंच नाही असं ठरवून निघाले होते. पण गाडीने दम तोडला तो त्यांच्या शेडपासून हाकेच्या अंतरावर. दोन रिक्षावाल्यांनी ढकलत ढकलत ती तिथे आणून सोडली. नामदेवभाऊ पुढे आले, त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बसायला एक जुनी सीट पुढे सरकवली आणि इंजिन निवायची वाट पाहत स्वतः उकिडवे बसले. मला ते नेहमीपेक्षा गप्प वाटले. उन्हाने थकले असतील, एवढाच अर्थ मी लावला.

इंजिन निवायला तास गेला. त्या तासात ते एकदाही उठले नाहीत की कुरकुरले नाहीत. गाडीकडे नुसते पाहत होते. मग म्हणाले, आता पहिल्यापासून पाहू, कुणी काही सांगितलंच नाही असं समजून पाहू. त्यांनी अर्धा कापलेला पांढरा कॅन खाली धरला आणि रेडिएटरची खालची नळी सोडली. हिरवं कूलंट यायला हवं होतं. आलं ते तांबूस, राखाडी, गढूळ पाणी. कॅन स्थिर ठेवला तसा तळाशी मऊ, बारीक गाळ बसत गेला. नामदेवभाऊंनी बोटाने तो उचलून अंगठ्यावर चोळला आणि माझ्यापुढे धरला. त्यात एक गोगलगाईचा शंख होता, उडदाच्या दाण्याएवढा, अगदी अखंड.

तलावाच्या घरात वाढलेल्या मुलीला तो गाळ कुणी ओळखवून द्यायला हवा का? मी पोळ्याची सगळी हकीकत सांगितली; बैल, वडील, दर वर्षीचा गडवा, यंदाचे तीन. सांगताना मधूनच हसायचा प्रयत्न केला, तो जमला नाही. नामदेवभाऊ शांतपणे ऐकत होते. ऐकून झाल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर किंचित हसू आलं.

“बैलाले पाजा जी,” ते म्हणाले, “गाडीले कायले पाजता?” आणि थोड्या वेळाने, हातातलं काम न थांबवता, “मी इचारलं होतं तुमाले. तुमी नाही म्हटलं, म्हनून मी तिकडं पाह्यलंच नाही.”

त्या आवाजात राग नव्हता. माझ्या शब्दावर विश्वास ठेवला, एवढीच वस्तुस्थिती ते सांगत होते. पुढे त्यांनी इंजिनाच्या कुशीतून करंगळीच्या पेराएवढा एक पितळी सेन्सर काढला. तो चिखलाने असा माखला होता की पितळ दिसत नव्हतं. पाणी किती तापलं याची खबर तो इंजिनाला देतो, असं त्यांनी मला समजावलं. त्याच्या खबरीवर पंखा सुरू होतो, त्याच्याच खबरीवर पेट्रोल कमीजास्त होतं. तो चिखलात गाडला गेला, त्याला खरी उष्णता कळेना, म्हणून पंखा उशिरा फिरे आणि स्लो चढे-उतरे. दुखणी दोन, मूळ एक. त्यांनी म्हटलं होतं तसंच! सूर्य कलेपर्यंत त्यांनी पाण्याचे झोत सोडून सगळे मार्ग धुतले, नवा सेन्सर बसवला, कूलंट भरलं, आत अडकलेली हवा बुडबुड्याबुडबुड्याने बाहेर काढली. मग गाडी उभ्या उभ्या चालू केली. तो सूर इतका सम, इतका निवांत होता की बॉनेटवर ठेवलेल्या वाटीतला चहादेखील हलला नसता.

घरी येताना मी आनंदात होते. आनंद घराच्या फाटकाशी येईस्तोवर टिकला. गाडी बंद करायला किल्लीला हात घातला आणि एकाएकी ते वाक्य आठवलं. त्यांच्या हाताला रोग सापडत नाही! रोग त्यांनी पहिल्याच प्रश्नात धरला होता. लपवला होता तो मी. दोन माणसांनी मला एकेक प्रश्न विचारला, दोघांनीही माझ्या उत्तरावर भरवसा ठेवला, आणि दोन्ही वेळा मी खात्रीने चुकीचं तेच सांगितलं. त्या चिखलात गाडलेल्या सेन्सरहून माझं काय वेगळं होतं?

मी लगेच तिरोड्याला फोन लावला. नामदेवभाऊंचा हात किती नेमका आहे, माझीच चूक कशी होती, हे घाईघाईने सांगितलं. मग विद्यार्थी संकोचाने म्हणाला, “मॅडम, दुसरा माणूस ठेवून घेतला ना मी. आपने ही तो बोला था.” तो चुकीचं काही बोलत नव्हता. माझ्या शब्दाचा त्याने मान राखला होता. मी पुष्कळ आर्जवं केली. पण ठेवलेल्या माणसाला काय म्हणून काढायचं, असं त्याने विचारलं आणि मी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशीच नामदेवभाऊंकडे जाऊन सगळं सांगायला हवं होतं. मी गेले नाही. दोन दिवस जाऊ देत, दिवाळी होऊ दे, पेपर तपासून होऊ देत; अंगावरचं टाळायला माणसाला किती सभ्य कारणं सुचतात! दिवाळीनंतर त्या रस्त्याने गेले तेव्हा शेड नव्हती. खांबांच्या जागी चार खड्डे होते आणि तेलाने काळी पडलेली जमीन. शेजारच्या पानठेल्यावर कळलं की नामदेवभाऊ दवनीवाड्याला, आपल्या गावी निघून गेले. तिथे शेतावरचे पंप दुरुस्त करतात, मिळालं तर काम, नाही तर बसून असतात. ते ऐकूनही माझा धीर झाला नाही. हलक्या धानाची कापणी झाली, भारी धानाची झाली, थंडी आली आणि गेली. गाडी इतकी सुरळीत चालत होती की प्रत्येक वेळी ती सुरू करताना मला ओशाळं वाटायचं. कधी कधी वाटे, हिने जरा बिघडावं, म्हणजे त्या निमित्ताने तरी जाता येईल. निमित्त न मिळालेली माणसं क्षमा मागायला किती उशीर करतात!

शेवटी फाल्गुनात एक दिवस काहीच निमित्त नसताना गेले. दवनीवाड्याच्या शिवारात उन्हाळी धानाची रोपं नुकतीच लागली होती. बांधावर एका डिझेल पंपाशी नामदेवभाऊ एकटेच बसले होते, हात कोपरापर्यंत काळे. मला पाहून उठू लागले. मी त्यांना उठू दिलं नाही. त्यांनी आधी गाडीकडे नजर टाकली आणि गाडीचंच काही असेल म्हणून विचारलं. मी म्हटलं, गाडी ठीक आहे, मी बिघडले आहे. हेही वाक्य जमवलेलंच होतं, आणि ते बोलून झाल्याबरोबर मला स्वतःची किळस आली. मग मात्र काही न जमवता, अडखळत, तिरोड्याचा फोन, माझं उत्तर, त्यांचं गेलेलं काम, सगळं सांगून टाकलं.

नामदेवभाऊ पंपाचा एक नट फिरवत होते. तो पुरता बसेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही.

“मले मालूम होतं जी,” ते म्हणाले. “त्या पोरानंच सांगतलं होतं मले.”

मी कसंबसं विचारलं, कधी? त्यांनी सांगितलं. माझी गाडी फाटकापाशी बंद पडली, त्याच्या दोन दिवस आधी. म्हणजे त्या दुपारी मला सीट पुढे सरकवताना त्यांना ठाऊक होतं. इंजिन निवेपर्यंत तासभर उकिडवं बसताना ठाऊक होतं. कॅनमधला गाळ अंगठ्यावर चोळून माझ्यापुढे धरताना, बैलांवरून मला हसताना, बुडबुडे संपेपर्यंत वाकून राहताना, सगळा वेळ ठाऊक होतं. आपल्या हाताला रोग सापडत नाही असं जिने जगाला सांगितलं, तिच्याच गाडीचा रोग ते सूर्य कलेपर्यंत शोधत होते.

“मग गाडीला हात का लावलात?” मी विचारलं. “परत का नाही पाठवलीत?”

त्यांना प्रश्न कळला नसावा असं आधी वाटलं. मग त्यांनी फडक्याला हात पुसले.

“बोलल्या तं तुमी होत्या जी,” ते म्हणाले. “गाडी काही बोलली नव्हती.”

एवढं बोलून त्यांनी पंपाचं हँडल फिरवलं. दोन हिसक्यांत पंप सुरू झाला, पाण्याची जाड धार बांधीत पडू लागली आणि त्या आवाजात पुढे काही बोलणं शक्यच राहिलं नाही. त्यांनी मला चार शब्द सुनावले असते तर मी ते पदरात घेऊन सुखाने घरी आले असते. क्षमा केली असती तरी आले असते. त्यांनी दोन्हीपैकी काही केलं नाही, पंपाच्या आवाजावरून मोठ्याने हाक मारून एवढंच म्हणाले, “तिकडं सावलीत बसा जी, ऊन लागन.” आणि कामाला लागले. बांधाच्या कडेला मोहाचं झाड होतं, त्याखाली त्यांची पाण्याची बाटली आणि जेवणाचा डबा ठेवलेला होता. मी तिथवर गेले नाही. त्यांचं काम संपेपर्यंत उन्हातच उभी राहिले.